तिच्या नावाने अंघोळ

येडगाव, ता. जुन्नर
६ ऑक्टोबर २०२५

मायना मुद्दाम सोडला आहे. छत्तीस वर्षं जुन्नरच्या तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज, दस्त, प्रतिज्ञापत्रं लिहितो आहे. मायना विसरणाऱ्यातला मी नाही. पण तुला काय लिहू? 'चि.' लिहावं तर त्याचा अर्थ चिरंजीव, खूप जग. आणि तुझ्या नावाने तर आम्ही अंघोळ करून बसलेलो. 'सौ.' लिहावं तर ते लग्न मान्य केल्यासारखं होतं. तेव्हा जागा कोरी.

तुझ्या वकीलबाईंचं पाकीट शुक्रवारी मिळालं. पोस्टमनने ते घरी न नेता माझ्या टेबलावर आणून दिलं, हे एक बरं झालं. आत तुझी दोन ओळींची चिठ्ठी, इंग्लंडच्या सरकारी खात्याने तुला आश्रय नाकारल्याचा निकाल, त्याची मराठी प्रत आणि माझ्याच जुन्या पत्राचं इंग्रजी भाषांतर. तुझ्या कुठल्याच पत्राला उत्तर द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. दोन वर्षं नाहीच दिलं. पण ते भाषांतर वाचून माझं डोकं फिरलं, आणि केवळ त्यासाठी लिहितो आहे. उगाच गैरसमज करून घेऊ नकोस.

मी तेव्हा लिहिलं होतं: 'तुझ्या नावाने आम्ही सर्वांनी कुकडीवर अंघोळ केली आहे. इकडे फिरकू नकोस.' मला कचेरीपुरतं इंग्रजी येतं. त्या शहाण्याने लिहिलंय, की घरच्यांनी तुझ्या नावाने नदीत पवित्र स्नान केलं. आणि त्यावरून खात्याच्या साहेबाने निकालात काय काढलं, परिच्छेद एकतीस: 'अर्जदाराच्या कल्याणासाठी कुटुंबाने धार्मिक स्नान केल्याचे दिसते. वडील स्वतः पत्र लिहितात. यावरून कुटुंबाचा जिव्हाळा कायम असून वडील तिला संरक्षण देऊ शकतील.' वा रे वा! सुतकाच्या अंघोळीची यांनी गंगापूजा करून टाकली. 'फिरकू नकोस'चं काय केलंय माहीत आहे? 'येण्याची तसदी घेऊ नकोस.' जसा काही मी म्हणतोय, बाळ, प्रवासाची दगदग नको.

त्या भाषांतरकाराला सहा महिने माझ्या टेबलाशी उमेदवारीला बसवा. अरे, माणूस मेलं की अंघोळ करतात. जिवंत माणसाच्या नावाने अंघोळ केली की ते माणूस त्या घराला मेलं. हे येडगावातल्या शेंबड्या पोराला कळतं. एक शब्द इकडचा तिकडे झाला की बांध सरकतो, हे मी पक्षकारांना रोज सांगतो, आणि माझ्याच शब्दाचं हे व्हावं!

एवढं वकीलबाईंना दाखव. त्यापलीकडे माझा संबंध नाही.

भगवंत


येडगाव
३ नोव्हेंबर २०२५

हर्षाली,

वकीलबाईंचं दुसरं पत्र आलं. बाई नेमकं लिहितात, मला आवडलं. त्या म्हणतात, अशा प्रकरणात तुला सरळ अपील नाही. जज्ज तुला राहू द्यायचं की नाही हे ठरवणार नाहीत; खात्याने कागद नीट वाचून, नीट विचार करून नकार दिला का, एवढंच तपासणार. चूक निघाली तर खात्याला निकाल पुन्हा द्यावा लागेल, आणि तेव्हा बापाचं प्रतिज्ञापत्र फाइलला असलं पाहिजे. नाहीतर ते पुन्हा तेच लिहितील आणि तुला विमानात बसवतील. सुनावणी फेब्रुवारीच्या एकोणीस तारखेला.

म्हणजे सगळी पंचाईत 'कागद नीट वाचला का' या चार शब्दांची. मला हसू आलं. हयात त्यातच गेली माझी.

बाईंचे प्रश्न दोन. पहिला: अंघोळ कोणी केली, कधी, कशासाठी? उत्तर: तू ऋतिकशी पुण्यात जाऊन नोंदणी लग्न केलंस त्यानंतर दहाव्या दिवशी; मी, तुझा भाऊ स्वराज, दोन चुलते. कारण मागच्या पत्रात सांगितलं आहे. दुसरा प्रश्न: घोडेगावच्या पोलीस कागदात ऋतिकचा पाय मोटारसायकल घसरून मोडला असं आहे, आणि तू म्हणतेस स्वराजने मोडला; यातलं खरं काय? याबाबत मला काही सांगायचं नाही. कागदावर आहे ते आहे.

आता घरचं. सांगणार नव्हतो, पण तुझ्या आईमुळे सांगणं भाग आहे. मी निकालाची मराठी प्रत पिशवीच्या तळाशी ठेवली होती. तुझ्या आईने, वैजयंतीबाईंनी, पिशवी धुवायला काढली. तिची सातवी झालेली आहे हे मी नेहमी विसरतो. मी कचेरीतून आलो तर ती ओट्यावर कागद मांडीत घेऊन रडत बसलेली. मी म्हटलं, चला, सोक्षमोक्ष झाला. तर बाई वर बघून म्हणते कशी,

'अवो, नाकारलं म्हनं! म्हंजी आता येनारच की वं ती?'

मी म्हणालो, 'तसं नाय, अजून कोर्ट हाय.'

'कोर्टाला काय करायचंय? त्यांनी नाय म्हनलंय ना. मंग पोर कुटं जाईल? घरलाच यील.'

दोन वर्षांत तिला इतकं आनंदलेलं मी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी माणूस बोलावून तिने वरच्या खोलीला चुना मारून घेतला. तुझा शाळेतला लाकडी पेटारा पुसून ठेवला. त्यात तुझं नर्सिंगचं पहिलं ओळखपत्र सापडलं, फोटोत तू उंदरासारखी दिसतेस. ते तिने देव्हाऱ्याशी लावलंय. आणि हे सगळं करताना साहजिकच तिने स्वराजला सांगितलं, की ताई येणार.

मी तिला गप्प बसवायला हवं होतं. उशीर झाला.

भगवंत


जुन्नर
१५ डिसेंबर २०२५

हर्षाली,

हे टेबलावर बसूनच लिहितो आहे. समोर एक म्हातारा वारसनोंदीच्या अर्जासाठी बसलाय, त्याला म्हटलं थांब, सरकारी काम आहे. थांबलाय बिचारा.

स्वराज बरा आहे. ऊसतोड चालू आहे, गाडी चांगली चालते, तब्येत ठीक. लिहायला हरकत नाही असं एवढंच.

नाही, हे खोडून पुन्हा लिहितो. दस्तात खाडाखोड केली की बाजूला सही करावी लागते. केली.

तुझ्या आईने सांगितल्यापासून तो बदललाय. तुझं नाव घरात निघालं की ताट भिरकावणारा पोरगा, तो आता आईला विचारतो, ताईला थंडी बाधते का, वरती पंखा लावू का. आई खूश. म्हणते, रक्ताचं नातं शेवटी कुठं जातं! मलाही पहिले आठ दिवस बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग काल तो मला न्यायला जुन्नरला आला. टेबलाशी उभं राहून चहा प्याला आणि म्हणाला,

'तात्या, तिचं इमान कवा हाय? मुंबईला मीच जातो आनायला. गाडी सर्व्हिसिंगला टाकलीय.'

'अजून नक्की नाय,' मी म्हणालो.

'नक्की झालं की पयलं मला सांगा. आईला नगा सांगू, ती बोंबलत सुटंल.'

परत येताना दोन्ही बाजूंनी ऊस होता. रस्त्यात वनखात्याचा नवा फलक लागलाय, बिबट्यापासून सावध राहा. त्याकडे बघून तो हसला. म्हणाला, 'बिबट्याचं नाव लई कामाला येतं राव आपल्याकडं. उसात कायबी घावू द्या, लोक म्हंत्यात बिबट्या.' आणि थोडं पुढे गेल्यावर, 'भरपाईचं अर्ज तुमीच लिव्हता ना वं, तात्या? नमुना पाठच असंल तुमाला.'

असे अर्ज मी खरंच लिहितो. या वर्षात अकरा लिहिले. 'सायंकाळी उसाच्या कडेने घरी येत असता वन्य प्राण्याने हल्ला करून...' तो नमुना मला पाठ आहे. त्याला हे माहीत आहे, कारण लहानपणी तो माझ्या टेबलाखाली बसून ऐकायचा.

मी काय बोललो असेन असं तुला वाटतं? 'समोर बघून चालव,' म्हणालो. बास. त्रेसष्ट वर्षांचा बाप, गावात चार माणसं सल्ला विचारायला येतात, आणि हे एवढंच तोंडातून आलं. मी माझ्या मुलाला भितो, हर्षाली. हे आजवर कुठल्या कागदावर आलं नव्हतं.

वकीलबाईंना हे दाखवलंस तरी चालेल. पण प्रतिज्ञापत्र मागू नका. पत्र वेगळं, शपथ वेगळी. शपथेवर मुलाचं नाव घालायचं म्हणजे उद्या पोलीस दारात येणार, आणि तुझ्या आईला मी काय सांगू? एक पोर गेली, दुसऱ्याला मीच पोलिसांच्या हाती दिलं? आपलेच दात आणि आपलेच ओठ. तू परत आलीस तर तू जाशील, तू राहावीस म्हणून लिहून दिलं तर तो जाईल. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या जागेत मी टेबल टाकून बसलोय.

म्हातारा खोकतोय. त्याची वारसनोंद करून देतो. त्याला तिन्ही पोरांची नावं लावायची आहेत, भाग्यवान आहे.

तात्या


येडगाव
११ जानेवारी २०२६

हर्षाली,

हे पत्र वकीलबाईंच्या पत्त्यावर पाठवणार नाही. परिच्छेद एकतीस माझ्या डोक्यातून जात नाही: 'वडील संरक्षण देऊ शकतील.' यात मी जे लिहिणार आहे ते त्या साहेबाने वाचलं तर टाळ्या वाजवेल, म्हणेल, बघा, बापाचं काळीज पाघळलेलं आहे, पाठवा हिला. माझी माया तुझ्या विरुद्धचा पुरावा ठरते, असा हा खटला. म्हणून हे घोडेगावला जाऊन सावळेरामांच्या हाती देणार. तुझे सासरे. त्यांचा-तुमचा फोन चालू असतो असं ऐकतो. त्यांनी घेतलं तर घेतलं.

आधी पायाचं. २०२३ च्या जूनमध्ये घोडेगावच्या एसटी स्टँडमागे स्वराजने आणि त्याच्या दोन मित्रांनी गाडीच्या लोखंडी टॉमीने ऋतिकचा पाय मोडला. तिसऱ्या दिवशी सावळेराम पोलिसात जायला निघाले, त्याआधी मी दवाखान्यात पोचलो. पिशवीत कागद तयार होता. 'मोटारसायकल घसरून पडल्याने दुखापत झाली असून आमची कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.' हे वाक्य माझं. अक्षरही माझं. मी त्यांना म्हणालो, 'सही करा, पुन्हा कुणी पोरांना हात लावणार नाय, माझा शब्द.' डोंगरातला भात लावणारा सरळ माणूस, त्याने माझ्या वयाकडे बघून सही केली. त्या बदल्यात मी स्वराजला तुमच्या वाटेतून सहा महिने बाजूला ठेवलं. तेवढ्यात तुझी परदेशातल्या वृद्धाश्रमाची नोकरी ठरली आणि तुम्ही दोघं गेलात. मला वाटलं, मी दोन्ही पोरं वाचवली. काय हुशार माणूस मी!

आता तो वृद्धाश्रम बंद पडला, तुझा व्हिसा गेला, तू आश्रय मागितलास, आणि खात्याने दोन कागदांवर तुला खोटं पाडलं: एक माझं पत्र आणि एक तो जबाब. दोन्ही माझ्या हातचे. लोक म्हणतात, भगवंताच्या हातचा कागद कोर्टात कधी पडत नाही. नाहीच पडला.

ऋतिक अजून लंगडतो का? विचारायचा मला हक्क नाही, पण विचारतो.

दुसरं, अंघोळीचं. 'आम्ही सर्वांनी अंघोळ केली' हे मी तुला लिहिलं, वकीलबाईंना पुन्हा लिहिलं, आणि ते खोटं आहे. मी केली नाही. स्वराज आणि तुझे चुलते पाण्यात उतरले. मी काठच्या दगडावर बसलो, हात भिजवले आणि डोक्यावरून फिरवले. केस ओले, पायजमा कोरडा. मला ते जमेना. तू चौथीत असताना त्याच जागी तुला पोहायला शिकवलं होतं, तू माझ्या गळ्याला मिठी मारून ओरडायचीस, 'तात्या, सोडू नका.' स्वराजने माझा कोरडा पायजमा पाहिला होता. तेव्हापासून माझ्याशी बोलताना तो आधी माझ्या पायांकडे बघतो.

आता बघ कसं अडकलोय. अंघोळ केली नाही असं खरं लिहून दिलं तर खातं म्हणेल, बाप पाठीशी आहे. केली असं लिहून दिलं तर ती खोटी शपथ. लोकांची हजार खोटी प्रतिज्ञापत्रं मी लिहिली, नाही म्हणत नाही. पण खाली सही त्यांची असायची. माझ्या सहीखाली खोटं असं अजून एकही नाही. त्या जबाबावरसुद्धा सही सावळेरामांची होती. एवढ्यावर मी स्वतःला स्वच्छ समजत आलो.

काल संध्याकाळी स्वराजने पुन्हा विचारलं, तारीख कळली का. तुझ्या आईने आतून उत्साहाने सांगितलं, 'फेब्रुवारीत कळंल म्हनं!' तो म्हणाला, बरं. आणि जेवायला बसला. मी त्याच्या समोर बसून जेवलो.

तात्या


येडगाव
१० फेब्रुवारी २०२६

चिरंजीव सौ. हर्षाली ऋतिक हीस अनेक आशीर्वाद.

मायना लिहिला आहे. दोन्ही शब्द विचार करून.

प्रतिज्ञापत्र झालं. जुन्नरच्या नोटरीकडे गेलो असतो तर शाई वाळायच्या आत स्वराजला कळलं असतं, म्हणून घोडेगाव. सकाळच्या एसटीने गेलो. सावळेराम स्टँडसमोरच्या टपरीवर बसले होते. मागचं पत्र त्यांनी घेतलं होतं, पण माझ्याशी बोलले नव्हते. आज बोलले.

'या पावनं. कागद आनलाय जनू अजून येक?'

'आणलाय.'

'पयला बी तुमीच आनला व्हता.'

मी पिशवीतून कागद काढला. खाली बघून म्हणालो, 'हा वाचून दाखवतो. सगळा. मग ठरवा.' आणि टपरीवरच वाचला. कलम एक, मी कोण. कलम दोन, ऋतिकचा पाय माझा मुलगा स्वराज याने मोडला. अपघाताचा जबाब खोटा असून तो मी लिहिला. कलम तीन, कन्येच्या नावाने मी व माझ्या मुलाने अंघोळ केली, म्हणजे आमच्यात काय होतं, त्याचा अर्थ शब्दशः. कलम चार, उसाच्या रस्त्याने तो जे बोलला ते, त्याच्याच शब्दांत. कलम पाच लिहायला मला चार दिवस लागले: 'मी तिचा बाप असून तिचे संरक्षण करू शकलो नाही व यापुढेही करू शकणार नाही.' यात एकही शब्द कायद्याचा नाही. असं वाक्य मी कधी कुणासाठी लिहिलं नव्हतं, कुणी लिहायला सांगितलंच नाही.

सावळेरामांनी कपातला चहा संपवला. 'चला,' म्हणाले.

नोटरी तरुण आहे, मला ओळखत नव्हता. त्याने आधार कार्ड बघितलं आणि नेहमीचं विचारलं, 'यांना ओळखणारं कोण?' या प्रश्नासाठी मी वकील शोधून ठेवला नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं. छत्तीस वर्षांचा अनुभव! मी खिसे चाचपत होतो तर मागून आवाज आला,

'मी वळखितो त्यांना.'

'तुम्ही कोण? यांचे कोण लागता?'

सावळेरामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, 'व्याही.'

पोराने रकान्यात लिहून टाकलं. त्याला काय माहीत? तुझ्या लग्नात हा शब्द कुणी उच्चारला नाही, मी तर उच्चारू दिला नसता. तो पहिल्यांदा आला तो इथे, शिक्क्याखाली, आणि ज्याचं पोर आमच्या पोराने मोडलं त्या माणसाच्या तोंडून. त्यांनीच माझ्या दंडाला धरून बाहेर आणलं.

मूळ प्रत तिथल्याच पोस्टातून वकीलबाईंना रवाना केली आणि फोटो काढून सावळेरामांनी आजच पाठवलेत. मग त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. 'नात दावू का?'

मला नात आहे हे मला माहीत नव्हतं. तू लिहिलं नाहीस. बरोबर केलंस. फोटो पाहिला. कपाळ तुझ्या आईचं आहे, कान माझे, त्याला इलाज नाही.

'नाव नका इचारू. पोरीनं बजावलंय, कुनाला सांगायचं न्हाई.'

'नका सांगू,' मी म्हणालो. 'मी झोपेत बरळतो.'

निघताना एसटीच्या दारात त्यांनी विचारलं, 'येक इचारू? तुमी खरंच केली व्हती का वं ती आंगुळ?' माझ्या पत्रातलं ते त्यांनी वाचलं नसावं, किंवा वाचून विचारत असतील. मी गाडीत चढलो. सबंध रस्ताभर कलम तीन डोळ्यांपुढे, खाली माझी सही.

येडगावला उतरलो तो घरी गेलो नाही. धरणाच्या खालच्या अंगाला गेलो, त्याच दगडाशी. चार वाजले असतील. एक बाई पलीकडे गोधड्या धूत होती, तिने पाहिलं आणि मान फिरवली, नदीवर म्हातारा कपड्यांनिशी उतरला म्हणजे काय ते माणसांना कळतं. पाणी थंड होतं. तुझं नाव घेऊन पहिली बुडी मारली तेव्हा पाणी नाकातोंडात गेलं. दुसरी मारली. तिसऱ्या वेळी नाव घेताना तुझा चौथीतला आवाज ऐकू आला, आणि मी तुला सोडलं.

शपथ सकाळी घेतली, ती संध्याकाळी खरी केली. माझ्या धंद्यात याला मागची तारीख टाकणं म्हणतात. पण आता त्या कागदात खोटं काही नाही.

स्वराजला आज ना उद्या कळेलच. पोलीस येतील, किंवा त्याआधी तोच विचारेल. मी इथेच आहे, कुठे जाणार? त्याच्या समोर बसून जेवणार, तुझ्या आईला उत्तर देणार. माझ्या पाठीशी कोणी वकील नाही आणि मला तो हवासाही वाटत नाही. तू फक्त एकोणीस तारखेला हा विचार करू नकोस.

घरी आलो तेव्हा तुझी आई दारात होती. निथळणारे कपडे बघून तिने तोंडाला पदर लावला.

'अगं बया! कुनाचं वो?'

'लांबचं व्हतं,' मी म्हणालो.

'किती लांबचं?'

'नुसत्या अंघोळीपुरतं.'

तिने उंबऱ्याबाहेरच माझ्या पायांवर तांब्याभर पाणी घातलं, कोरडा पंचा दिला आणि चुलीवर चहा ठेवला. मग आतूनच विचारलं, 'सुतक न्हाई ना मंग धरायचं? उद्या वरच्या खोलीला पडदं लावायचंत.'

मी म्हणालो, लाव.

पोरी, इकडे फिरकू नकोस.

तुझा,
तात्या